शुगर आहे आणि पाय सुजतायत, लघवीची गोळी देऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. सासूबाईंचं वय 63, शुगर 14 वर्षांपासून. हल्ली संध्याकाळ झाली की दोन्ही पाय घोट्यापासून सुजतात, जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवलीत. शुगरची तीन औषधं एकत्र असलेली गोळी आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन 10 चालू आहे, गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात ती वेगळी. शेजारच्या काकूंनी स्वतःची लघवीची गोळी दिलीय, दोन दिवसांत पाय उतरतील म्हणाल्या. देऊ का? रोज गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवतो, त्याने त्यांना बरं वाटतं.

उत्तर: ताई, ती गोळी आधी काकूंना परत करा. त्यांनी मायेनेच दिली असणार, पण लघवीच्या गोळीने पाय उतरल्यासारखे दिसले की सूज मुळात आली कशाने हे घरात कोणी विचारत नाही, आणि मधल्या काळात सोडियम-पोटॅशियम खाली जातं, बीपी पडून चक्कर येते, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. त्यात दुखण्याची गोळी पण चालू, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून भार.

शुगर असली म्हणून पाय सुजणारच असं काही नसतं. किडनी, हृदय, पायाच्या शिरा नाहीतर औषधं, यातलं काहीतरी मागे असतं, आणि तुमचं पत्र वाचून मला पहिला संशय औषधांचाच येतोय. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, डोस 10 चा असेल तर जास्तच, आणि ती सूज लघवीच्या गोळीने धड उतरत पण नाही कारण ती बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे आलेली असते. मग शुगरच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघा, पायोग्लिटाझोन लिहिलंय का? तीन औषधांच्या गोळीत ते बऱ्याचदा असतं, ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, हृदय कमजोर असेल तर देतच नाहीत. दुखण्याची गोळी डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यातली असेल तर ती आजच थांबवा, बाकीच्या मात्र मनाने बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा, मेडिकलमधून आणलेली पण.

आणि लघवीची तपासणी. हे मी कळकळीने सांगतेय, कारण वर्षानुवर्षं उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर तपासणाऱ्या घरांत ही एक टेस्ट राहूनच जाते. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, साधा नमुना द्यायचा, आकडा (mg/g मध्ये) 30 च्या खाली असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे किडनीतून प्रोटीन गळायला लागलंय, त्याच्या वर म्हणजे बरंच गळतंय. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एक ईसीजी, गरज वाटली तर डॉक्टर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते का, लघवीला फेस येतो का ते बघून ठेवा. आडवं झाल्यावर धाप लागत असेल, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गरम पाणी बंद. जुन्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, चटका बसला तरी कळत नाही, फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो आणि तिथूनच जखमा सुरू होतात. पाण्यात मीठ टाकून सूज उतरत नाही, ताटातलं कमी केलं तर उतरायला मदत होते: दिवसभराचं 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात पापड-लोणचं-फरसाण सगळं आलं. सैंधवही मीठच आहे. आणि पोटॅशियमवालं लो-सोडियम मीठ किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत आणू नका.

प्रश्न: वडिलांना 20 वर्षं शुगर. डावं पाऊल महिन्यापासून सुजलंय, लाल आणि गरम लागतं पण दुखत अजिबात नाही, जखमही नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, एक्स-रे नॉर्मल आला. दुखत नाही म्हणून ते रोज फिरायला जातात.

उत्तर: दादा, फिरणं आजपासून बंद करा. एकच पाऊल सुजलेलं, गरम, जखम नाही आणि दुखणं नाही, हे वाचून मला शार्को फूटची भीती वाटतेय. नसा बधिर झालेल्या पायात हाडं आतल्या आत पिचतात, सांधे सरकतात आणि माणूस त्याच्यावरच चालत राहतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा एमआरआय लागतो, म्हणून तो नॉर्मल आलेला एक्स-रे बघून निर्धास्त होऊ नका. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर ठेवून बघा, डावं पाऊल स्पष्ट गरम लागेल. शुगरच्या पायाचे उपचार करणारे डॉक्टर किंवा हाडांचे डॉक्टर एकदोन दिवसांत गाठा, शार्कोचं नाव घेऊनच विचारा. शार्को निघाला तर पायाला सगळीकडून टेकून बसणारं खास प्लॅस्टर काही महिने ठेवावं लागतं, आता ते टाळलं तर पावलाची कमान बसते, तळवा बाहेर फुगतो आणि तिथे न भरणारी जखम होते. ताप आला, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल. डॉक्टरांकडे जाईपर्यंत वॉकर घ्या, तो पाय बाथरूमला जातानाही टेकवू देऊ नका.