पाकिटावर नाव घातलेलं नाही

प्रिय मुली,

परवा शाळेत तपासणीच्या वेळी मी कार्डावर लिहायला नाव विचारलं, तर तू खाली मान घालून "लिहा काहीपण" म्हणालीस. मागच्या मुलींनीच ते सांगून टाकलं. नंतर पाण्याच्या टाकीपाशी येऊन हळूच विचारलंस, "सिस्टर, नाव बदलता येतं का?" मी घाईत होते, "येतं की" एवढंच बोलले. राहिलेलं आता लिहिते.

माझंही नाव नकुसाच होतं, म्हणजे नकोशी. मी चौथी मुलगी. माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि "नाव फळलं" असं आजी शेवटपर्यंत सांगत राहिली. गुरुजी हजेरीला "नकुसा" म्हणायचे, मी "हजर" म्हणायचे. गावात त्याचं काही वाटायचं नाही, वर्गात आम्ही दोघी होतो. पुढे परगावच्या हायस्कुलात एका बाईंनी सगळ्यांना आपापल्या नावाचा अर्थ सांगायला लावला. माझी पाळी आली तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून वर्गाबाहेर गेले.

लोक तुला म्हणतील, पूर्वी मुलांचीही नावं दगडू, धोंडू, भिकू असायची, त्यात एवढं काय? मीही बरीच वर्षं हे मानलं. मग बाळंतपणं करता करता नीट विचार केला. ज्या घरात पोरं जगत नव्हती तिथे मुलाला दगडू म्हणायचे, का तर मरणाची नजर त्याच्यावर पडू नये, तो राहावा. आपलं नाव कशासाठी? पुढची मुलगी येऊ नये म्हणून. म्हणजे तो देवाला धाडलेला निरोप, आणि तो आपल्या अंगावर लिहून ठेवलेला. तो पुसताना आई-वडिलांचा अपमान होतो असं मनातसुद्धा आणू नकोस.

तुझा जन्म व्हायचा असेल किंवा तू पाळण्यात असशील, तेव्हा, २२ ऑक्टोबर २०११ला, साताऱ्यात मोठा कार्यक्रम झाला होता. २८५ नकुसांना नवी नावं मिळाली, प्रमाणपत्रं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. त्या दिवशी मला रडू आवरलं नव्हतं. पण माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या घरच्यांनी विचारलंच नव्हतं. चुलत्याने नाव सुचवलं, हिने मान हलवली. वर्षभरात घरात, आडावर, शाळेत पुन्हा जुनीच हाक सुरू झाली, आणि तिलाही नव्या नावासाठी भांडावंसं वाटलं नाही. तिचं मी समजू शकते, कारण माझंही एकदा तसंच झालं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं सासरचं नाव लिहिलं. सुंदर नाव होतं, देवीचं. सुटले एकदाची, असं वाटलं. तरी ते नाव ऐकून मी वळायचे ती सवयीने.

चौतिसाव्या वर्षी मी तिसरं नाव घेतलं, तेच तू ओळखतेस. तीन महिने वहीत रोज एक नाव लिहायचे आणि एवढंच बघायचे, की रात्री दोन वाजता कुणी दार वाजवून या नावाने हाक मारली तर मी ताडकन उठेन का? अर्थ फार छान आहे म्हणून नाव घेऊ नकोस. मैत्रिणींना आवडलं म्हणून तर नाहीच. बहिणीला मळ्याच्या बांधावरून लांब हाक मारायला सांग आणि पाय आपोआप वळतात का ते बघ.

आता कागदांचं. तू अठराची नाहीस, म्हणून अर्ज आईने किंवा वडिलांनी करायचा. नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, भाग दोनमध्ये छापून येतो. अर्ज ऑनलाइन असतो, महा ई-सेवा केंद्रात भरून देतात. राजपत्राची प्रत हातात आली की मुख्याध्यापकांकडे जा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बदल मागा. तू नववीत विचारलंस हे फार बरं झालं. दहावीचा फॉर्म जुन्या नावाने गेला की तेच गुणपत्रिकेवर येतं, मग कोल्हापूरच्या विभागीय मंडळापर्यंत फेऱ्या. शाळा सोडल्यावर तर रजिस्टरला हात लावणं अवघडच. आधारवरही नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर पक्कं कर आणि सगळीकडे तेच ठेव. माझ्या सेवापुस्तकातली नोंद एका जादा अक्षरापायी अडीच वर्षं अडली होती.

कुणी कुरकुर केलीच, तर ३ जून २०२१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांग. प्रकरण सीबीएसईचं होतं, पण आपलं नाव आपल्या मर्जीने सांगणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि वडिलांना पटवायचं असेल तर दुसरी गोष्ट सांग. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. तुझ्या लेकरांच्या दाखल्यावर 'नकुसा' लागलेलं त्यांना चालेल का, विचार.

आईवर मात्र जोर करू नकोस. माझ्या आईला नवं नाव कधीच जमलं नाही. ती मला 'नकू' म्हणायची. ताप आला की कपाळावर हात ठेवून नकू, माहेराहून निघताना पिशवीत भाकरी कोंबत नकू. तिच्या तोंडून ते कधी टोचलं नाही, आणि ती गेल्यापासून त्या हाकेला मी पारखी झाले. तुझ्या आईलाही वेळ लागेल. बाकीच्यांना मात्र दर वेळी थांबवून नवं नाव सांग, शंभरदा सांगावं लागलं तरी.

वडिलांशी बोलताना मी सोबत हवी असेन तर सांग. मंगळवारी लसीकरणाला मी तुमच्या वाडीतच असते. हे पत्र आशाताईंच्या हाती देतेय आणि पाकिटावर नाव घातलेलं नाही. पुढच्या पत्रावर कोणतं घालू ते कळव.

तुझी,
उपकेंद्रातली सिस्टर