लहान विमानांच्या इंजिनांचे काम : खानापूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. खानापुरात आपला इंजिन रिबोअरिंगचा (झिजलेले सिलिंडर कातून पुन्हा नीट करण्याचा) व्यवसाय आहे आणि चिरंजीव बेळगावात बारावी विज्ञान शाखेत शिकत आहेत. सांबऱ्याच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमाने पाहून, लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांची देखभाल हेच आपले काम, असे त्यांनी मनाशी ठरवले आहे. नातेवाइकांचे म्हणणे असे की, शिकायचेच तर मोठ्या जेट विमानांचे शिकावे. शिवाय घरात एक वाद चालू असल्याचे आपण लिहिले आहे. विमानाचे नवे किंवा ओव्हरहॉल केलेले (पूर्ण उघडून दुरुस्त केलेले) इंजिन सुरुवातीपासून भरपूर शक्तीवर चालवावे लागते, असे चिरंजीव म्हणतात. आणि इतकी वर्षे गिऱ्हाइकाला "सुरुवातीला दमाने चालवा" असे सांगत आलेल्या आपल्याला ते पटत नाही.

उत्तराची सुरुवात या वादापासूनच करतो, कारण मुलाची या कामाकडे खरी ओढ आहे की नुसती हौस, हे त्यातून पुष्कळसे कळते. विमानाच्या इंजिनापुरते चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. शिकाऊ विमानांत बहुधा हवेने थंड होणारी, समोरासमोर सिलिंडर असलेली इंजिने असतात. सेस्ना १७२ या विमानातले लायकोमिंग कंपनीचे इंजिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. होनिंग केल्यावर, म्हणजे दगडाने बारीक घासल्यावर, सिलिंडरच्या भिंतीवर ज्या तिरक्या रेघा राहतात, त्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसाव्यात, हा ब्रेक-इनचा, म्हणजे इंजिन सुरुवातीला रुळवण्याचा, सगळा हेतू असतो. रिंगेला भिंतीवर दाबून धरण्याचे मुख्य काम तिच्या मागे शिरणारा ज्वलनवायूचा दाब करतो. इंजिन कमी शक्तीवर चालवले तर तो दाब अपुरा पडतो, तेलाचा थर मधे तसाच राहतो आणि गरम भिंतीवर करपून त्याचे ग्लेझ, म्हणजे गुळगुळीत कडक पापुद्रा, बनते. एकदा रेघा ग्लेझने भरल्या की इंजिन तेल पीत राहते, आणि सिलिंडर उतरवून पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा इलाज उरत नाही. म्हणून सुरुवातीचे तास साधारण ६५ ते ७५ टक्के शक्तीवर सलग उड्डाण करतात. जमिनीवर मात्र इंजिन शक्य तितके कमी चालवतात, कारण उभ्या विमानात सिलिंडरांना पुरेसा वारा मिळत नाही. तेलही पहिले ५० तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, बहुधा साधे मिनरल वापरतात. काही टर्बोचार्ज्ड इंजिनांना मात्र पहिल्यापासून डिस्पर्संट (मळ तेलातच तरंगत ठेवणारे) तेल लागते, त्यामुळे शेवटचा शब्द त्या त्या इंजिनाच्या सूचनापत्राचा. तेलाचा खप स्थिरावला आणि सिलिंडर हेडचे तापमान उतरले की रिंगा बसल्या असे समजतात. फ्लाइंग स्कूलमध्ये याची आणखी एक अडचण असते. विद्यार्थी टेक-ऑफ आणि लँडिंगचा सराव करत असताना शक्ती सारखी वरखाली होते, म्हणून नव्या इंजिनाचे विमान त्या सरावाला लगेच देत नाहीत.

आता आपण त्यांना एकच प्रश्न विचारावा : "असे का?" वरचे कारण त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर ते या कामाला लायक आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन. नुसते "असे वाचले आहे" म्हणाले, तर आपल्याच कारखान्यात होन केलेला एक सिलिंडर हातात देऊन त्यांना पुन्हा विचार करू द्या. ही संधी इतर मुलांना मिळत नाही.

रोजचे काम कसे असते, हेही आपल्याला ठाऊक असावे. सगळे तेल गाळणारा (फुल-फ्लो) फिल्टर बसवलेल्या इंजिनाचे तेल साधारण ५० तासांनी बदलतात, आणि काढलेला फिल्टर फेकून न देता कापून उघडतात. आतल्या कागदाच्या घड्या पसरून उजेडात एकेक पाहायच्या, धातूचा कण दिसला तर तो चुंबकाला चिकटतो का ते तपासायचे आणि जे दिसले ते नोंदवायचे. सिलिंडरची गळती मोजताना ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा आत सोडतात आणि त्यातली किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचतात. आकडा घसरला की कान द्यायचा : तेलाच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. या हवेने प्रोपेलर अचानक फिरू शकतो, आणि ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर चावी बंद असूनही हाताने फिरवलेला प्रोपेलर इंजिन पेटवू शकतो. तो नेहमी जिवंतच समजायचा, हे मुलाच्या अंगवळणी पडलेच पाहिजे. याबाबत मी जराही सवलत देणार नाही.

आपल्या भागातल्या पावसाचा इथे थेट संबंध आहे. लायकोमिंगच्या या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळते आणि दमट हवेत गंज धरतो. अशा वेळी विमान न उडवता नुसते इंजिन थोडा वेळ चालवून बंद करणे हा उपाय नव्हे. तेल पुरेसे तापत नाही आणि आतले पाणी आतच राहते. खानापूरचा पावसाळा काढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागणार नाही.

परवान्याविषयी सांगतो. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) ही सरकारी संस्था कार-६६ या नियमावलीनुसार देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. जेट विमानांचा वर्ग बी-१.१, पिस्टन विमानांचा बी-१.२. दोन्हींचे बरेचसे विषय समान आहेत. मुख्य फरक गॅस टर्बाइन आणि पिस्टन इंजिन या विषयांत, विमानाच्या रचनेच्या विषयात आणि लागणाऱ्या अनुभवात आहे. त्यामुळे एक वर्ग घेतल्याने दुसऱ्याचे दार कायमचे बंद होत नाही.

नोकऱ्यांचे चित्र मी रंगवून सांगणार नाही. पिस्टन विमानांचे क्षेत्र लहान आहे. विमान कंपन्यांत नोकऱ्या जास्त असतात आणि पगारही सहसा बरा असतो. पण वैमानिक घडवायचे तर शिकाऊ विमाने लागतात, आणि ती सतत उडत असल्याने त्यांच्या इंजिनांचे तास झपाट्याने भरतात. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या. बारामती, गोंदिया आणि बेंगळुरूचे जक्कूर ही केंद्रे त्याआधीपासून आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात ते काम वेगळे. त्यासाठी हा परवाना लागत नाही. माझे मत असे की, खर्च झेपत असेल तर अभ्यासक्रम बी-१.१ चा घ्यावा आणि पिस्टनचा वर्ग नंतर जोडावा. चिरंजीवांचा जीव पिस्टनमध्येच असेल, तर सरळ बी-१.२ घेण्यातही कमीपणा नाही. मात्र नोकरीसाठी घर सोडून दूर जाण्याची तयारी हवी.

भाषेची काळजी आपण लिहिलीत, ती रास्त आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला परीक्षेपेक्षा मॅन्युअलचे इंग्रजी जड जाते, कारण तिथे एकेक शब्द तंतोतंत समजावा लागतो. रोज एक पान वाचून त्याचा अर्थ मराठीत आपल्याला समजावून सांगायचा, एवढे आजपासून सुरू करा. आपल्यासारखा जाणकार श्रोता घरातच आहे. कन्नड त्यांना येतच असेल. जक्कूरला त्याचा उपयोग होईल.

संस्था निवडताना जाहिरातीतल्या हमखास नोकरीच्या आश्वासनावर जाऊ नका. कार-१४७ (प्रशिक्षण संस्थांची नियमावली) खालची मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे, ती चालू आहे का, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोणत्या हँगरमध्ये मिळणार, हे लेखी मागा आणि मान्यता डीजीसीएच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहा. पैसे भरण्याआधी त्या मान्यतापत्राची प्रत मला पाठवलीत, तर मीही ती वाचून माझे मत कळवीन.

कळावे,
आपला,
करिअर मार्गदर्शक