'आउटकम'ला निष्पत्ती म्हणावं की फलनिष्पत्ती?

प्रश्न एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेचा आहे. शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं हे आधी ठरवून शिकवायचं, या 'आउटकम बेस्ड एज्युकेशन'वर सहकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची म्हणून त्या मराठीत टिपणं काढताहेत. 'आउटकम'ला परिणाम, फलित, फलनिष्पत्ती, निष्पत्ती यांपैकी काय लिहावं? आणि 'विद्यार्थ्याला अमुक समजेल' असं लिहिलं की तज्ज्ञ त्यावर काट मारतात, ते का?

माझं उत्तर: निष्पत्ती.

'परिणाम' मराठीत बहुतेक वेळा भोगावे लागतात, त्यात आधी आखून ठेवल्याचा भाव नाही. 'फलित' मागे वळून पाहताना येतं. 'फलनिष्पत्ती' बातम्यांतल्या बैठकांना चिकटलेला शब्द आहे, आणि 'निष्पत्ती'त जे आहेच त्याच्यावर 'फल' नव्यानं काही घालत नाही. शिवाय शाळांनी हा निर्णय आपल्या आधीच घेतला आहे. २०१७ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षणसंस्थेनं प्राथमिक स्तरासाठी 'लर्निंग आउटकम्स' काढले, तेव्हापासून मराठी शाळांत 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द रुळला. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर तो छापलेला दिसतो. उद्या हीच मुलं तुमच्या वर्गात येणार आहेत. त्यांच्यासाठी महाविद्यालयानं वेगळा शब्द कशाला काढायचा?

पण मला हा शब्द आवडतो त्याचं कारण याहून जुनं आहे. विभाव (भावनेची कारणं), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी चिन्हं) आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे नाट्यशास्त्रातलं भरतमुनींचं सूत्र मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला पाठ असतं. त्यातल्या 'निष्पत्ती' या एका शब्दावर शतकानुशतकं वाद झाला. सूत्राच्या भाष्यकारांपैकी भट्टलोल्लट म्हणाले उत्पत्ती, शंकुक म्हणाले अनुमिती (अनुमान), भट्टनायक म्हणाले भुक्ती (आस्वाद), अभिनवगुप्त म्हणाले अभिव्यक्ती. वादाचं मूळ एकच होतं: रस नेमका कुठे असतो? मूळ पात्रात, नटात, की समोर बसलेल्या रसिकात? अभिनवगुप्तांनी तो सहृदय रसिकाच्या अंतःकरणात ठेवला. तुमच्या कार्यशाळेत बसलेल्या प्राध्यापकांनाही हेच उमजायला हवं आहे. 'मी पूर्ण अभ्यासक्रम शिकवला' हे नटाच्या बाजूचं विधान झालं. निष्पत्ती बाकावर शोधायची असते. म्हणून उद्दिष्ट शिक्षकाचं, निष्पत्ती विद्यार्थ्याची, एवढा फरक टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

आता 'समजेल'. समजणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मोजता येत नाही. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं शिकण्याच्या पायऱ्यांचं १९५६ चं वर्गीकरण २००१ मध्ये सुधारलं गेलं, तेव्हा पायऱ्यांची नामं जाऊन क्रियापदं आली. त्यात 'समजणे' आहे, पण ते पायरीचं नाव. तिच्याखाली तुलना करणे, वर्गीकरण करणे, सारांश सांगणे अशा दिसणाऱ्या कृती आहेत, आणि निष्पत्ती लिहायची ती त्यांतून. हे आपल्याला परकंही नाही. बी.एड.चं पाठ टाचण ज्यांनी काढलंय त्यांना 'उद्दिष्टे' आणि त्यांच्याखालची 'स्पष्टीकरणे' आठवतील: विद्यार्थी ओळखतो, फरक सांगतो, उदाहरण देतो. अभियांत्रिकीच्या बहुतेक प्राध्यापकांनी बी.एड. केलेलं नसतं, त्यामुळे मराठीतली ही तयार भाषा त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. कार्यशाळेत एखादं जुनं टाचण खरोखर हातोहात फिरवा.

एक वाक्य जवळून पाहू. 'विद्यार्थी ओहमचा नियम समजून घेण्यास सक्षम होईल.' यातलं 'घेण्यास सक्षम होईल' हे इंग्रजी वाक्याचं ओझं आहे, मराठीला ते नको. त्याऐवजी लिहा: 'दिलेल्या परिपथातलं विभवांतर आणि धारा मोजून विद्यार्थी रोध काढतात.' क्रिया दिसते, ती कशावर करायची ते दिसतं, आणि अनेकवचनामुळे मुली-मुलगे दोन्ही आले. साहित्याच्या वर्गासाठी: 'न वाचलेली रचना समोर ठेवल्यास ती ओवी की अभंग हे विद्यार्थी रचनेवरून ठरवतात आणि कारण देतात.'

सोबतचे शब्दही लागतील. सीओ (कोर्स आउटकम, एका विषयाची निष्पत्ती) आणि पीओ (प्रोग्रॅम आउटकम, पूर्ण पदवीची निष्पत्ती) ही आद्याक्षरं तशीच ठेवा. २०१४ मध्ये एनबीए या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळामार्फत भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला, त्यानंतर अभियांत्रिकीत ती सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. 'मॅपिंग'ला सांगड म्हणा: या सीओची त्या पीओशी सांगड १ (कमी), २ (मध्यम) की ३ (घट्ट)? निष्पत्ती किती साधली ते सांगणाऱ्या 'अटेनमेंट'साठी शालेय शिक्षणातला 'संपादणूक' हा शब्द तयार आहे. 'संपादणूक पातळी' कुणालाही कळते.

राहिलं लेखन. निष्पत्ती स्त्रीलिंगी, अनेकवचनही निष्पत्तीच: ही निष्पत्ती, या पाच निष्पत्ती. सुटा शब्द दीर्घ, पण समासात पहिलं पद असेल तेव्हा ऱ्हस्व, बुद्धिवैभवसारखं. म्हणून 'निष्पत्ती आधारित' असे दोन तुकडे न करता टिपणाच्या मथळ्यावर 'निष्पत्तिकेंद्री शिक्षण' लिहा.