लेव्हल : पातळी, मजला की श्रेणी?

प्रश्न : जुन्या रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) व्हिडिओ गेमांमधल्या लढाईबद्दल मराठीत लिहिताना ‘लेव्हल’ला ‘स्तर’, ‘टर्न’ला ‘डाव’ आणि ‘ग्राइंडिंग’ला (ताकद वाढावी म्हणून त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा करण्याला) ‘दळण’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : ‘दळण’ एका ठिकाणी छान बसेल, ‘स्तर’ टाळता येईल आणि ‘डाव’ नको. पण त्याआधी इंग्रजी शब्दांचेच थोडे पाहावे लागेल, कारण घोळ मुळात तिथे आहे.

या सगळ्या गेमांचा पूर्वज म्हणजे १९७४ साली आलेला, कागद-पेन्सिल-फाशांनी खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात ‘लेव्हल’ हा एकच शब्द चार गोष्टींसाठी येतो : पात्राची ताकद, राक्षसाची ताकद, मंत्राची अवघडता आणि भुयाराचा मजला. कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांना ही अडचण ठाऊक होती. १९७८ च्या नियमपुस्तकात त्यांनी नोंदवले आहे की या चार अर्थांना वेगवेगळी नावे द्यायचा विचार झाला होता, पण जुना शब्द खेळाडूंच्या तोंडी बसलेला होता म्हणून तोच ठेवला. इंग्रजीची संधी तिथे हुकली. मराठीत हे शब्द अजून रुळायचे आहेत, त्यामुळे आपण सुरुवातीपासूनच वेगळे शब्द वापरू शकतो.

१९८१ चा ‘विझर्ड्री’ हा संगणकावरचा गेम घ्या. भुयाराला १० मजले, प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा. मंत्रांच्या ७ श्रेणी. जादूगाराला पहिली श्रेणी आरंभीच मिळते, दुसरी तिसऱ्या पातळीला, तिसरी पाचव्या पातळीला, आणि सातवी थेट तेराव्या पातळीला. आता हीच माहिती सगळीकडे ‘लेव्हल’ किंवा सगळीकडे ‘स्तर’ घालून लिहून पाहा. ‘तिसऱ्या स्तराचा मंत्र पाचव्या स्तराला मिळतो’ या वाक्यापाशी नवखा वाचक अडकतो, आणि तिसऱ्या पातळीला पोचल्यावर मंत्र का मिळाला नाही म्हणून गेममध्येच काही बिघाड आहे असे समजतो. म्हणून पात्राची पातळी, भुयाराचा मजला आणि मंत्राची श्रेणी असे तीन शब्द ठेवावेत. राक्षसासाठी चौथा शब्द शोधायची गरज नाही. पुढच्या अनेक गेमांत त्याची ताकद पात्राच्याच मापाने मोजतात, तेव्हा त्यालाही ‘पातळी’ चालेल.

‘स्तर’पेक्षा ‘पातळी’ का? स्तर म्हणजे थर, एकावर एक रचलेला आणि जागचा न हलणारा. पातळी धरणातल्या पाण्याची असते, ती चढते आणि उतरतेही. ‘विझर्ड्री’त व्हॅम्पायरसारखी भुते पात्राची कमावलेली पातळी ओढून घेतात. ‘त्याची पातळी दोनने उतरली’ हे मराठीत सहज म्हणता येते. ‘त्याचा स्तर दोनने घसरला’ हे त्याच्या वागण्याबद्दलचे मत वाटते.

आणखी एक पाचवा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. ‘मी सातव्या लेव्हलला आहे’ असे घरातले मूल म्हणते तेव्हा त्याला बहुधा गेमचा सातवा भाग म्हणायचे असते, मारिओच्या खेळात असतो तसा. त्याला ‘टप्पा’ म्हणावे. ‘लेव्हल’ हाच शब्द ठेवायचा असेल तर निदान विभक्तीने फरक दाखवा. ‘सातव्या लेव्हलचा योद्धा’ म्हटले की पात्राची ताकद कळते आणि ‘सातव्या लेव्हलवरचा योद्धा’ म्हटले की तो कुठे उभा आहे ते कळते. शब्दयोगी अव्यय एवढे काम फुकट करून देते.

आता ‘एक्सपीरियन्स पॉइंट’, म्हणजे राक्षस मारल्यावर मिळणारे आणि साठले की पातळी वाढवणारे अंक. याला ‘अनुभवगुण’ म्हणू नये, कारण बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी या पात्राच्या अंगच्या गोष्टींना ‘गुण’ हा शब्द लागणारच. ‘अनुभवांक’ सरळ आणि मोजता येणारा आहे. जपानी खेळाडूंनीही ‘लेव्हल’ उसना घेतला (त्यांचा उच्चार ‘रेबेरु’), पण अनुभवासाठी स्वतःचा ‘केइकेन्‌ची’ म्हणजे अनुभवाचे मूल्य हा शब्द केला. तोच मार्ग मराठीला सोयीचा आहे.

‘ग्राइंडिंग’चे उत्तर गेमच्या रचनेवर अवलंबून आहे, आणि या प्रश्नातला सगळ्यात रंगतदार भाग हाच. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये दुसऱ्या पातळीसाठी ७ अनुभवांक लागतात आणि एक स्लाइम (सगळ्यात दुबळा राक्षस) मारला की १ मिळतो. तिसाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीला एकूण ६५,५३५ लागतात. या गेममध्ये तुम्ही तलवार चालवली की मंत्र टाकला याने काही बदलत नाही. अंक जमले की बळापासून सगळे ठरल्याप्रमाणे वाढते. याला ‘कमावणे’ हे क्रियापद नेमके बसते : ‘पुलापलीकडे जाण्याआधी दोन पातळ्या कमावून घ्या’. कमावलेले शरीर, कमावलेला आवाज या प्रयोगांत जो चिकाटीचा अर्थ आहे तो इथे आयता मिळतो.

दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘फायनल फँटसी २’ ने ही पद्धत मोडली. त्यात पात्राला पातळीच नाही. तलवार वापराल तर तलवारीचे कौशल्य वाढते, मार खाल तर मार सोसण्याची ताकद वाढते. इथे ‘कमावणे’ फिके पडते. अक्षर घोटतात, पाठ घोटून घेतात, तसे कौशल्य ‘घोटायचे’. पण या पद्धतीत एक भोक राहिले. ताकद वाढवायची तर शत्रूच्या माराची वाट कशाला पाहा, असे म्हणून खेळाडू आपल्याच साथीदारांवर वार करू लागले. फॅमिकॉन या निन्टेन्डोच्या गेमयंत्रावरच्या मूळ आवृत्तीत तर हल्ला निवडून लगेच रद्द केला तरी तो कौशल्यात मोजला जाई, कारण मोजणी वार झाल्यावर न होता निवड होताच होत होती. हे घोटणे नव्हे, नुसती आकडेवाढ आहे आणि लिहिताना तसेच म्हणावे.

मग ‘दळण’? ते तक्रारीसाठी राखून ठेवा. ‘तेच ते दळण’ यात कंटाळा आहे, म्हणून समीक्षेत ‘शेवटच्या राक्षसाआधी चार तासांचे दळण आहे’ हे वाक्य जोरकस होते. मार्गदर्शिकेत मात्र ‘इथे दळण करा’ लिहिले तर वाचक गेम बंद करेल.

‘पातळी वाढली म्हणजे फायदा’ हेही गृहीत धरू नये. १९९९ च्या ‘फायनल फँटसी ८’ मध्ये दर १,००० अनुभवांकांना एक पातळी मिळते, पण शत्रूंची पातळीही तुमच्या गटाच्या सरासरीबरोबर चढते. तिथे ‘पातळी कमवा’ हा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. शक्ती मिळते ती पात्राला जोडलेल्या मंत्रांच्या साठ्यातून.

आता ‘टर्न’. ‘डाव’ मराठीत पूर्ण खेळ असतो, क्रिकेटमधली खेळी असतो आणि कुस्तीतली युक्तीही असतो. तो शेवटचा अर्थ वाया घालवू नका, खास हल्ल्याला ‘डाव’ म्हणायला मोकळा ठेवा. ‘टर्न’साठी ‘पाळी’ बरी, पण तीही सगळीकडे नाही. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये खरोखर पाळी असते : ज्याचा क्रम आला तो आपले कृतीअंक (एका पाळीत हालचालींवर खर्चता येणारे अंक) खर्च करतो, मग पुढचा. चपळाईच्या निम्म्यात ५ मिळवले की कृतीअंक येतात. चपळाई ६ असेल तर ८. नकाशावरचा एक षट्कोनी चौकट चालायला १ लागतो आणि लढता लढता झोळी उघडायला ४.

१९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’त असे होत नाही. चौघांना हुकूम आधी द्यायचे, मग सगळ्यांचे वार एकामागून एक होतात. त्या संपूर्ण चक्राला ‘फेरी’ म्हणावे. फरक फक्त शब्दाचा नाही. दोघांनी एकाच गॉब्लिनवर हल्ला निवडला आणि पहिल्यानेच त्याला संपवले, तर मूळ आवृत्तीत दुसऱ्याचा वार रिकाम्या जागेवर वाया जातो. ‘आपल्या पाळीला लक्ष्य निवडा’ असे लिहिणारा वाचकाला नेमके याच खड्ड्यात ढकलतो. १९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’ मध्ये तर घड्याळ चालूच राहते. तुम्ही यादी चाळत बसलात तर शत्रू वार करून मोकळा होतो. तिथे पाळी नाही आणि फेरीही नाही, ‘सज्ज होणे’ म्हणावे : ‘रोझा सज्ज झाली की आधी उपचार करा’.

शेवटी एक जागा, जिथे ‘टर्न’चे भाषांतर हमखास चुकते. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये मंत्राच्या वर्णनात ‘१ टर्न’ असे लिहिलेले असते. ती पाळी नव्हे, कालमापन आहे. एक राउंड ६ सेकंदांचा, आणि १० राउंड मिळून एक टर्न, म्हणजे ६० सेकंद. (ज्या कागदी नियमांवरून हे आले त्यांत राउंड १ मिनिटाचा आणि टर्न १० मिनिटांचा होता.) ‘मंत्र एक पाळी टिकतो’ असे वाचलेला खेळाडू एका वारानंतर तोच मंत्र पुन्हा टाकतो आणि साठा संपवून बसतो. इथे कोणताही मराठी शब्द न शोधता ‘६० सेकंद’ असेच लिहावे.