स्टॅम्प पेपरला घाबरू नका, 13 मार्चला घाबरा

बीड जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. त्यांचा थोरला भाऊ चाकणजवळच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये ग्राइंडर चालवायचा. वय 35, पगार महिना 16 हजार, रोख. 14 मार्च 2024 ला ओल्या कोब्यावर उभं राहून काम करताना ग्राइंडरचा शॉक बसला आणि तो जागीच गेला. तेराव्याला मालकाने तीन लाख रुपये वाचकाच्या खात्यात टाकले आणि ‘यापुढे काही मागणार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. खाली वाचकाची सही, वहिनीचा अंगठा. आता मालक म्हणतो, हातमोजे दिले होते ते घातले नाहीत, वर प्यायलेला होता. पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, तर आता कुठे जावं, असं वाचक विचारतात.

पोलिसांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात जी तारीख एका ओळीत येऊन गेली, तिच्यावर सगळं अडलेलं आहे. कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या कलम 10 प्रमाणे मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. मी हे लिहितोय तेव्हा जानेवारी 2026 निम्मा सरलाय. तुमच्या हातात 13 मार्चपर्यंतचे जेमतेम आठ आठवडे उरलेत. बावीस महिने तुम्ही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यात, त्यातला एकही दिवस या मुदतीतून वजा होत नाही. गुन्हा नोंदवला गेला असता तरी झाला नसता.

उशीर माफ करण्याचा अधिकार या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना आहे, पण सबळ कारण दाखवावं लागतं. ‘मालक देतो देतो म्हणत होता’ हे कारण कुणी मानतं, कुणी मानत नाही. माझ्याकडे एक बाई पाच महिने उशिरा आल्या होत्या. तो उशीर माफ करायचा की नाही, एवढ्यावरच तीन वर्षं तारखा पडल्या. मूळ दाव्याचा कागद तोवर कुणी उलगडलासुद्धा नाही. मुलगा दहावीत असताना त्यांनी अर्ज केला होता, तो कामाला लागला तेव्हा निकाल आला. तुमच्या वहिनींवर ही वेळ आणू नका.

स्टॅम्प पेपरने तुमचं काही अडत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो. शिवाय कलम 8 सांगतं की मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची, परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अवलंबितांना तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल दिली असेल तर तेवढीच वजा होते. पण मला राग येतो तो इथे. तुम्ही सज्ञान भाऊ आहात, कायद्याच्या व्याख्येत तुम्ही अवलंबित बसतच नाही. वहिनी, मुलं आणि विधवा आई बसतात. वहिनींचा अंगठा घेतलात आणि पैसे तुमच्या खात्यात? त्यातले किती वहिनींपर्यंत पोचले याचा हिशेब आजच लिहून काढा, मालकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील.

हातमोजे आणि दारू यांची ढाल कलम 3 मध्ये आहे खरी, पण ती जखमेपुरती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही, असं तिथेच लिहिलंय. अपघात कामावर असताना आणि कामामुळेच झाला, हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल.

त्यासाठी तुमच्या मोबाइलमधला शेडच्या वायरिंगचा फोटो सोन्यासारखा आहे. मी तो मोठा करून पाहिला. थ्री-पिन काढून टाकलेली, दोन वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेल्या, अर्थिंगची हिरवी वायर कापून मागे दुमडलेली आणि वर काळी टेप. ग्राइंडरच्या बॉडीत करंट उतरला तेव्हा त्याला जमिनीत जायला तुमच्या भावाखेरीज वाट ठेवली नव्हती. बोर्डात तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असता तर बहुधा क्षणात सप्लाय तुटला असता. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. फोटोबरोबर तो कोणत्या फोनमधून कसा घेतला हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

विजेचा जीवघेणा अपघात विद्युत निरीक्षकाला 24 तासांत कळवायचा असतो. मालकाने कळवला का, चौकशी अहवाल निघाला का, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा. फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, म्हणजे फेब्रुवारी उजाडेल. पण अहवालासाठी दावा अडवू नका, तो मागाहून जोडता येतो. त्याच पाकिटात हेही लिहा की त्या शेडमध्ये अजून पाच माणसं त्याच बोर्डावर काम करतात, बोर्ड तपासा.

रक्कम अशी. कायदा पगार 15 हजारांपर्यंतच धरतो. त्याचे निम्मे 7,500, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 35 व्या वर्षाचा गुणक 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. महिन्याभरात न भरल्यामुळे त्यावर 12 टक्के व्याज, वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर. दंड 50 टक्क्यांपर्यंत होऊ शकतो, पण तो धरून चालू नका. पगार रोख होता, त्यामुळे सोबतच्या दोघांचे जबाब लागतील.

दोन गोष्टींबद्दल मी हात राखून बोलतो. शेड ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली, असेल तर हा दावा चालत नाही, तिकडून अवलंबितांचं निवृत्तिवेतन मागावं लागतं. सहा माणसांच्या शेडला ते बहुधा लागू नसावं, तरी आधी खात्री करा. दुसरं, 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. अपघात त्याआधीचा, त्यामुळे हक्क जुन्या कायद्यानेच ठरेल असं माझं मत आहे, पण अर्जावर कोणत्या कायद्याचं नाव घालायचं ते दाखल करण्यापूर्वी आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या.

चाकणला हेलपाटे नकोत. वहिनी जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही दावा करता येतो. काही जिल्ह्यांत ते काम कामगार न्यायालय पाहतं, काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

येत्या सोमवारी वहिनींना घेऊनच निघा. मृत्यूचा दाखला, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मुलांचे जन्मदाखले आणि त्या स्टॅम्प पेपरची झेरॉक्स, जे हातात असेल ते घ्या. अर्जदार म्हणून पहिलं नाव वहिनींचं, मग मुलांचं आणि आईचं. तुमचं नाव त्यात नको.