फिलाडेल्फियाचं बेथ शोलोम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शहर सोडून उपनगरात का गेलं?

थोडक्यात: माणसं गेली म्हणून सिनेगॉगही गेलं.

या सिनेगॉगची मंडळी १९१९ साली उत्तर फिलाडेल्फियातल्या लोगन भागात एकत्र आली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, म्हणून नाव 'बेथ शोलोम', म्हणजे शांतीचं घर. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण कुटुंबं कर्ज काढून उपनगरांत घरं घेऊ लागली आणि लोगनमधली गर्दी ओसरली. मग संस्थेनेच एल्किन्स पार्क या उपनगरात बिऱ्हाड हलवलं.

अडचण होती शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, असा परंपरेचा दंडक. जुन्या वस्तीत लोक चालत येत, उपनगरात ते कसं जमणार? १९५० मध्ये ज्यूंमधल्या मध्यममार्गी कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनियम समितीने फक्त सिनेगॉगला येण्यापुरती गाडीची मुभा दिली. माझ्या मते उपनगरी सिनेगॉगांना खरा हात याच निर्णयाने दिला. ज्यूंच्या सनातनी (ऑर्थोडॉक्स) पंथाने मात्र तो मानला नाही.

पुढचा भाग मजेदार. सिनेगॉगचे रब्बी (धर्मगुरू) मॉर्टिमर कोहेन यांनी १९५३ मध्ये थेट वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनाच पत्र धाडलं. कोहेन यांना सिनाय पर्वतासारखी (जिथे मोझेसला देवाच्या आज्ञा मिळाल्या असं मानतात) इमारत हवी होती. राइट यांनी छताला कौलं घातलीच नाहीत, उजेड झिरपणाऱ्या काचेचा उतरता डोंगरच उभा केला. दिवसा आत दुधाळ प्रकाश पसरतो, रात्री बाहेरून सगळी इमारत उजळलेली दिसते. सप्टेंबर १९५९ मध्ये उद्घाटन झालं. राइट एप्रिलमध्येच वारले होते.