झेपेलिनची बीबीसी रेकॉर्डिंग: गाणी मोजू नका, टेप मोजा

तुमची अडचण मला समजली ती अशी. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची बीबीसीवरची रेकॉर्डिंग चार ठिकाणांहून जमवली, एकट्या 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन' या गाण्याच्याच नऊ फायली झाल्या, तारखा जुळत नाहीत, आणि '४ जानेवारी १९७१' नावाचं कुठल्याच यादीत नसलेलं एक सेशन हाती लागलंय. काय ठेवू, काय उडवू, आणि खरखर काढून टाकू का?

खरखरीचं आधी सांगतो, कारण तिथे केलेली चूक निस्तरता येत नाही: मूळ फायलीला हात लावू नका. काय प्रयोग करायचे ते कॉपीवर करा.

आता ते जानेवारीचं सेशन. तुमचा हिरमोड होणार आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. १ एप्रिल १९७१ ला लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये झालेली मैफल तिकडच्या कुणीतरी ४-१-७१ अशी लिहिली आणि आपल्यासारख्या कुणीतरी ती ४ जानेवारी वाचली. शिवाय तीच मैफल रेडिओवर लागली ४ एप्रिलला, म्हणजे ४-४-७१ नावाची तिसरी कॉपीही तुमच्याकडे निघेल. तीन तारखा, मैफल एकच. म्हणून फोल्डरला नाव द्यायचं ते रेकॉर्डिंगच्या तारखेचं, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं. प्रक्षेपणाची तारीख त्याच्यापुढे.

तसं केलंत की पसारा एकदम आटोपशीर होतो. सगळा मिळून सहा दिवसांचा मामला आहे. १९६९ मध्ये ३ मार्च (निवेदक जॉन पीलचा रेडिओ कार्यक्रम 'टॉप गिअर', लागला २३ मार्चला), १९ मार्च (ब्लूज गायक अलेक्सिस कॉर्नरचा बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरचा कार्यक्रम), मग जूनमध्ये १६, २४ आणि २७. आणि सहावा हा १९७१ चा. तुमच्या नऊपैकी बऱ्याच फायली जूनमधल्या असणार, कारण त्या बारा दिवसांत त्यांनी 'ब्रेकडाउन' तीनदा वाजवलंय. टाळ्या ऐकू आल्या तर २७ जून नाहीतर १९७१, कारण त्या दोन्ही वेळी समोर श्रोते होते. बाकीच्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावा. ड्रमर बोनमचे ठोके सुरुवातीला जुळवले आणि शेवटपर्यंत जुळून राहिले, तर वादन एकच, कॉपी दोन. हळूहळू सरकत गेले तरी घाईनं वेगळं ठरवू नका, टेपचा वेग वेगळा असू शकतो.

या वेगाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच फसतात. घरगुती टेपरेकॉर्डर क्वचितच बरोबर वेगानं चालायचे. कानाला शंका येते, पट्टी किंचित चढी वाटते, पण किती ते कळत नाही. त्यावर माझी युक्ती म्हणजे विजेची घरघर. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. त्यामुळे तिथल्या टेपचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती, हे दाखवणारा आलेख) काढला की खाली बारीकशी ५० ची रेष सापडते. एका कॉपीत मला ती ५२ वर दिसली. म्हणजे टेप चार टक्के जोरात पळत होती, जवळजवळ पाऊण सुरानं चढी. (सूर म्हणजे इथे कीबोर्डवरची शेजारची पट्टी.) वेग तेवढा उतरवला आणि गायक प्लँटचा आवाज माणसाचा झाला. फक्त एक खबरदारी: कधीकधी दोन रेषा दिसतात, एक ५२ वर आणि एक अगदी काटेकोर ५० वर. ५० वाली नंतर कुणीतरी टेप काँप्युटरवर घेताना घुसलेली असते. तिच्यावर भरवसा ठेवलात तर टेप बरोबर चालली असं वाटून गप्प बसाल. मी स्वतः दोन वर्षं तसाच गप्प बसलो होतो.

त्याच आलेखात वरच्या बाजूलाही बघा. आवाज १६ हजार हर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखा संपत असेल तर फाइल फ्लॅक (आवाज न गमावता साठवणारा प्रकार) असली तरी तिचा मागचा जन्म एमपीथ्रीचा होता. १९ हजारावर सरळ रेष असेल तर ती एफएम स्टिरिओची खूण. त्या वेळी बीबीसीचं रेडिओ वन हे केंद्र मुख्यतः मीडियम वेव्हवर, २४७ मीटरवर असायचं, तेव्हा 'मूळ १९६९ चं प्रक्षेपण' असं लेबल आणि ही रेष एकत्र दिसली की समजायचं, नंतरच्या पुनःप्रक्षेपणावरून उतरवलंय. ते वाईट नव्हे, पण लेबल खोटं.

अधिकृत संच घेतला आहे का? नसेल तर आधी तो घ्या. १९९७ चा दोन सीडींचा, आणि २०१६ चा तीन सीडींचा. पहिल्यात १९७१ ची 'व्होल लॉटा लव्ह'ची मेडली (गाण्यात गुंफलेली इतर गाणी) कापलेली होती, म्हणून जुनी बूटलेग, म्हणजे अनधिकृत रेकॉर्डिंग, लगेच फेकू नका. पण जे अधिकृत मिळतं ते इतरांना वाटत बसू नये, हा जमवणाऱ्यांचा जुना शिरस्ता आहे आणि मी तो पाळतो.

आता १९ मार्च. तुम्ही लिहिलंय, 'ही फाइल इतकी वाईट आहे की उडवणार होतो.' बापरे! त्या कॉर्नरच्या कार्यक्रमाची टेप बीबीसीकडे उरलीच नाही. तेव्हा टेप महाग, पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. कुण्या श्रोत्यानं घरच्या रेडिओवरून उतरवून ठेवलं म्हणून 'सनशाइन वुमन' आज ऐकता येतं. हे गाणं त्यांनी कुठल्याच अल्बमवर घेतलं नाही. २०१६ च्या संचात ते आलं तेही अशाच उतरवलेल्या टेपवरून, आणि माठात डोकं घालून ऐकल्यासारखंच. आपण टू-इन-वनवर उतरवलेल्या कॅसेटी आठवा, तसा आवाज. तिथे नॉइज रिडक्शन लावलंत की खरखरीबरोबर झांजाही जातात आणि मागे ती पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी गुळगुळ उरते. मी फार तर घरघर थोडी उतरवतो, वेग नीट करतो आणि थांबतो. निवेदकाचं बोलणंही कापू नका. कॉपी कुठल्या घराण्यातली हे बऱ्याचदा त्या दोन वाक्यांवरूनच ओळखू येतं.

आणि तुमच्याकडचं 'मुंबई १९७२' बीबीसीच्या फोल्डरमधून बाहेर काढा. गिटारवादक पेज आणि प्लँटनी ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली ती हीच. ती स्टुडिओतली आहेत, रेडिओशी त्यांचा काही संबंध नाही. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती अधिकृतपणे आली आहेत.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कुणाकडून आली, कशावरून उतरवली, तुम्ही काय बदललं. वेग चार टक्के उतरवला असेल तर चार टक्के असंच लिहा, 'सुधारित' असं लिहू नका. पुढच्याला ते उलटं फिरवता आलं पाहिजे.

नऊपैकी कुठल्या दोन जुळल्या आणि घरघरीची रेष कितीवर आहे ते कळवा. मग उरलेल्या सातांचं बघू.